वाकडीची पुढची भिंत

धक्क्यावर जुनी सात घरं ओळीने उभी होती. त्यातल्या पाचव्या घराला सगळे 'वाकडी' म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उंच माणसाला गल्लीने 'लंब्या' म्हणावं, तितक्याच मायेचं ते नाव होतं. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की दिसायचंच. तळमजला सरळ, आणि तिथून वर भिंत हळूहळू पुढे झुकत गेलेली. जणू खाली कोण आलंय ते बघायला घर वाकलं आहे.

ही घरं कधीकाळी व्यापाऱ्यांची. तोंड अरुंद, जेमतेम सात पावलांचं, आणि पोट मात्र मागच्या अंगणापर्यंत लांबच लांब. खाली माणसं राहायची, वर तीन मजले माल. जिना असा चढा नि वळणाचा की जाड माणसाने खाली उतरताना दोनदा विचार करावा. त्यामुळे माल जिन्याने कधी गेलाच नाही. छपराच्या टोकाला एक जाडजूड तुळई बाहेर काढलेली, तिला कप्पी, आणि कप्पीवरून दोर. मालाची होडी, म्हणजे पडाव, धक्क्याला लागला की त्यातली पोती सरळ आभाळाच्या दिशेने. प्रत्येक मजल्यावर मधोमध खिडकीऐवजी दार होतं, मालाचं दार. त्या दारापुढे ना पायरी ना कठडा, नुसती हवा. नवख्या माणसाला ते दार आतून उघडून दाखवलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

आता पडाव येत नाहीत. सातांपैकी चार घरांची ऑफिसं झाली होती. जिथे लोकर रचायचे तिथे जाहिराती लिहिल्या जात होत्या. जिथे काथ्याचे गठ्ठे असायचे तिथे वकील बसत होते, म्हणजे काथ्याकूट चालूच होती. धुराड्यांतून इंटरनेटच्या तारा खाली सोडल्या होत्या, आणि जुन्या कोठीत संडास. घरांनी हे सगळं निमूट सहन केलं होतं. पाचव्याचं काम सुरू झालं तेव्हा ओळंबाबाईंना वाटलं होतं की तेही तसंच पार पडेल.

ओळंबाबाई म्हणजे मोजणीवाल्या बाई. जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचं काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. कुठल्याही घरात शिरल्या की नमस्काराच्या आधी पिशवीतून ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारं वजन, काढून दोरीला लटकवायच्या, म्हणून सुतारांनी ते नाव पाडलं होतं. त्या सोमवारी त्या मागच्या जिन्याची दोन राहिलेली मापं घ्यायला आल्या, तर वाकडीच्या दारासमोर कामावरचा सुतार कमरेवर हात ठेवून उभा. दारावर वारसा समितीची नोटीस चिकटवलेली होती. 'पुढची भिंत धोकादायक. येत्या सोमवारपासून उतरवून नवी बांधावी. आधार : मोजणी तक्ता क्रमांक चार.' आणि खाली ज्यांनी तो तक्ता केला त्यांचं नाव.

त्यांनी नोटीस तीनदा वाचली. तिन्ही वेळा नाव त्यांचंच निघालं.

"ताई, तुम्ही सांगितलंत भिंत पाडायला?" सुताराने विचारलं.

"मी फक्त मोजलं."

"मग मोजूनच मारलंत म्हणायचं."

सुतार उद्धट नव्हता. त्याला गोड बोलता येत नसे, इतकंच. पण ते वाक्य बाईंना बरोबर जागी लागलं, कारण चूक कुठे झाली ते त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. मोजणीच्या छापील तक्त्यात दोनच रकाने असतात : 'ठिकाण' आणि 'दोष'. वर्षानुवर्षांची सवय अशी की जे ओळंब्यात नाही ते दोषाच्या रकान्यात. पुढची भिंत माथ्याशी एकतीस सेंटिमीटर पुढे भरली, बाईंनी ते लिहिलं आणि पान उलटलं. ही खोड फक्त मोजणीवाल्यांनाच असते. बाकीची माणसं आधी घराकडे बघतात, आणि मोजणीवाले आधी दोरीकडे. आकडा अगदी खरा होता, पण तो चुकीच्या रकान्यात जाऊन बसला होता. समितीच्या इंजिनिअरने 'दोष, एकतीस' वाचलं आणि त्याची छाती दडपली. त्याचंही फारसं चुकलं नाही.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. नवरा शाळामास्तर. बायकोचं तोंड बघून त्याने ताटं वाढली आणि वह्या तपासायला घेतल्या. सासरे मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. वय ब्याऐंशी, गुडघे संपलेले, आवाज शाबूत. धक्क्यावर चाळीस वर्षं हमाली केलेली, आणि त्या चाळीस वर्षांच्या गोष्टी त्यांना एकशेवीस वर्षं पुरल्या असत्या.

"सूनबाई, भाजीत मीठ नाही. काय झालंय?"

बाईंनी सांगून टाकलं. म्हातारबुवांनी हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांच्या बाबतीत हे फार म्हणजे फारच होतं.

"वाकडी पडायची असती," ते म्हणाले, "तर माझ्या डोक्यावर पडली असती. मी रोज तिच्याखाली उभा असायचो. अगं, ती पडत नाहीये. ती मुद्दाम तशी आहे."

"मुद्दाम?"

"ओळीतल्या पहिल्या, सरळ घरात पोतं वर चढवायचं म्हणजे प्रत्येक खिडकीवर आपटायचं. काच फुटली की शिव्या आम्हाला. वाकडीला कधी पोतं लागलंच नाही. वरची तुळई पुढे, दोर सरळ खाली, आणि भिंत खाली मागे. पोतं हवेतून जाणार, भिंतीला लागेल कशाला?"

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"पंचवीस वर्षं सांगतोय! ऐकतंय कोण?"

"बाबा, तुम्ही एका हाताने पियानो उचलला हेही पंचवीस वर्षं सांगताय."

"तो लहान होता," म्हातारबुवा म्हणाले आणि त्यांनी मीठ मागितलं.

बाईंना हसू आलं, पण आत खट्टू वाटत होतं. पंचवीस वर्षं त्यांनी या गोष्टी भाजी चिरता चिरता एका कानाने ऐकल्या आणि दुसऱ्याने सोडून दिल्या होत्या. वाकडी त्यांच्या स्वयंपाकघरात रोज हजर होती, आणि त्या तिला दोरी लावून मोजायला निघाल्या होत्या.

तरीपण म्हाताऱ्याच्या सांगण्यावर कुणी सरकारी नोटीस मागे घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई टेप, टॉर्च आणि सुतार घेऊन वाकडीत शिरल्या. पुढच्या खोल्यांच्या जमिनी लाकडी होत्या. मधल्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या, जोड नसलेल्या लांबलचक फळ्या. भिंत मागाहून पुढे सरकली असेल, तर फळ्या जागेवर राहून त्यांच्या टोकाशी फट पडायला हवी, वरच्या मजल्यावर सगळ्यात मोठी. बाई गुडघ्यांवर बसून टोकापाशी टॉर्च मारत गेल्या. पहिला मजला : फट नाही. दुसरा : फट नाही. तिसरा : फट नाही, माळा : नाही. मग फळ्यांची लांबी मोजली. दुसऱ्या मजल्याच्या फळ्या पहिल्याहून दहा सेंटिमीटर लांब. तिसऱ्याच्या आणखी दहा. माळ्याच्या त्याहून अकरा.

"दहा, दहा, अकरा," बाई म्हणाल्या. "एकतीस."

सुताराने फळीच्या टोकाचा खिळा नखाने खरवडला. "हाताने घडवलेला खिळा आहे. घर बांधलं तेव्हाचा. फळी आणि खिळा दोघं एकत्रच जन्मले." मग तो उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे माझ्या आधीच्या सुताराने मजल्यागणिक फळ्या लांब कापल्या. त्याला माहीत होतं भिंत कुठे जाणार आहे ते."

बाईंना त्या घटकेला इतका आनंद झाला की त्यांनी सुताराच्या पाठीवर थाप मारली. कधीतरी, कुणीतरी, खालून वर येताना प्रत्येक मजल्याला थांबून हिशोबाने भिंत पुढे घेतली होती. एकतीस सेंटिमीटर हा दोष नव्हताच, ते कसब होतं.

बुधवारी वाकडीच्या तळमजल्यावर सगळे जमले. वारसा समितीच्या अध्यक्षबाई होत्या, करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. इंजिनिअर होता. आणि घराचे नवे मालक होते, ज्यांना सगळे विमासाहेब म्हणायचे, कारण त्यांची विम्याची कंपनी होती आणि वाकडीत तिचं मुख्य ऑफिस येणार होतं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं सरळ आवडायचं : भांग, टाय, भिंती.

बाईंनी फळ्यांची मापं मांडली. इंजिनिअरने ऐकून घेतलं आणि नकाराची मान हलवली.

"फळ्या नंतर बदलल्या असतील."

"आणि खिळेही जुन्या बाजारातून आणून ठोकले असतील," सुतार म्हणाला.

"हे बघा बाई," इंजिनिअर म्हणाला, "कागद तुमचाच आहे. मागच्या महिन्यात दोष, आज कसब. मी कुठलं धरू?"

बाईंचे कान तापले. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार काय? अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दोन्हीवर सही तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "कागदाविरुद्ध कागद मला नको. मला काहीतरी दिसलं पाहिजे."

"आणि माझी अडचण समजून घ्या," विमासाहेब म्हणाले. "मी लोकांना सांगतो, धोका टाळा, विमा काढा. आणि माझं ऑफिसच येणाऱ्याच्या डोक्यावर झुकलेलं! लोक हसतील. शिवाय ते टेबल आहे."

ते टेबल सगळ्यांनाच माहीत होतं, कारण तीन आठवडे ते तळमजल्यावर आडवं पडलं होतं आणि येणारा-जाणारा त्याला ठेचकाळत होता. बारा माणसांचं, एकसंध लाकडाचं, सहा जणांना न हलणारं. विमासाहेबांनी ते जिना न बघताच घेतलं होतं. जिन्यात ते पहिल्या वळणालाच अडकलं. आता भिंत उतरली की क्रेनने तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं, असा बेत होता.

बाई टेबलाकडे बघत राहिल्या. नंतर त्यांना कुणी विचारलं की तेव्हा डोक्यात काय आलं, तर त्या सांगायच्या की काहीच नाही, तोंडच पुढे गेलं.

"टेबल मी चढवते," त्या म्हणाल्या. "भिंत आहे तशी ठेवून. वरच्या तुळईला कप्पी बांधून, मालाच्या दाराने. ही भिंत माल चढवण्यासाठीच झुकवली असेल तर टेबल तिला कुठेही लागणार नाही. एकदा जरी लागलं तर सोमवारी भिंत पाडा. आणि मीही मोजणीची वही कायमची मिटते."

सुताराने बाईंकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, या बाईला हात दाखवून अवलक्षण करायची हौस आहे की काय.

"आणि नाही लागलं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तर ती नोटीस तुम्ही काढायची. तुमच्या हाताने."

"शुक्रवारी सकाळी दहा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

इंजिनिअर हुशार होता. त्याने एक अट घातली : टेबलाच्या कडांना आणि पाठीला निळा खडू चोळायचा. नुसता स्पर्श झाला तरी भिंतीवर निळा डाग उमटेल, मग वादच नको. बाई म्हणाल्या, चोळा.

गुरुवारचा दिवस तयारीत गेला. सुताराने वरची तुळई ठोकून, टोचून पाहिली. नवी कप्पी, नवा दोर. टेबलाच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती तुळईला दिवसभर टांगली; तुळईने हूं की चूं केलं नाही. राहता राहिलं ते दोर ओढणारं मनुष्यबळ आणि ते ओढवून घेणारा माणूस. सुताराची आठ माणसं होती, तगडी, पण त्यांतल्या कुणी जन्मात कप्पीवर माल चढवलेला नव्हता.

बाई घरी आल्या आणि सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, उद्या धक्क्यावर यायचंय. कामाला."

म्हातारबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती वाजता?" एवढंच ते म्हणाले. पण रात्री त्यांनी मुलाकडून जुने बूट पॉलिश करून घेतले.

शुक्रवारी वारा होता. पाण्यावरून येणारा, मन मानेल तसा. धक्क्यावर बरीच गर्दी जमली होती. वकील खिडक्यांतून माना काढून बसले होते, जाहिरातवाले रस्त्यावरच. कुणी म्हणत होतं टेबल पडणार, कुणी म्हणत होतं भिंत पडणार. घरातून आणलेल्या लाकडी खुर्चीवर म्हातारबुवा भिंतीपासून दहा पावलांवर बसले होते, आणि त्यांना असल्या गप्पांना वेळ नव्हता. त्यांचं काम सुरू झालं होतं.

"उभं बांधा. पाय काढलेत ना? पाठ भिंतीकडे. गाठ ती नको, ती सुटते. अरे बूट बांधतोयस का? इकडे आण." दोराचं टोक मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः गाठ मारली. ब्याऐंशी वर्षांची बोटं, पण गाठ बघता बघता पडली. तगडी आठ माणसं एकदम अदबीने वागायला लागली.

बाई आणि सुतार तिसऱ्या मजल्यावर गेले. सुताराने मालाचं दार उघडलं. समोर हवा, खाली माणसांची डोकी, पाणी. दोघांनी कमरेला पट्टे बांधून ते मागच्या खांबाला अडकवले होते, तरी बाईंनी एका हाताने दाराची चौकट घट्ट धरली होती. सत्तावीस वर्षं त्यांनी भिंती आतून मोजल्या होत्या. भिंतीच्या बाजूने लढायची ही पहिलीच वेळ.

"ओढा!" खालून आवाज आला.

दोर ताणला. टेबल जमिनीवरून उचललं गेलं, एकदा जागच्या जागी डुललं आणि सावरलं. बाई ओणव्या होऊन बघत होत्या. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये चांगलं हातभर अंतर होतं. पहिल्या मजल्याच्या खिडकीखालचा कोरीव दगड बाहेर आलेला होता; टेबल त्याच्यासमोरून गेलं आणि दगडाला त्याची खबरही लागली नाही. गर्दीतून 'अरे वा' आलं. "ओढा! एक दम. ओढा!" अंतर कमी होत होतं, पण हिशोबाने, मजल्यागणिक थोडं थोडं. भिंत टेबलाला भेटायला पुढे येत होती, पण भेटत नव्हती. जुन्या गवंड्याने कुठे थांबायचं ते ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या मजल्याशी वारा उठला.

टेबल म्हणजे दोराला टांगलेली मोठी पाटीच. वाऱ्याने ते कडेने वळलं आणि त्याची निळी कड भिंतीकडे झुलू लागली. खाली आठ माणसांनी घाबरून दोर घट्ट आवळला, वर खेचायला सुरुवात केली. त्यासरशी झोका आणखीच वाढला. बाईंचा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता. कड भिंतीपासून वीतभर, मग चार बोटं.

"ओढू नका!" म्हातारबुवा गरजले. खुर्चीवरून ते अर्धे उठले होते. "दोराशी भांडू नका! सोडा! हातभर सोडा, हळू!"

"सोडायचं?" कुणीतरी ओरडलं.

"मी सांगतोय ना, सोडा!"

माणसांनी दोर सोडला. टेबल हातभर खाली गेलं, जिथे भिंत आणखी मागे होती. निळी कड भिंतीसमोरून हवेतून फिरून परत गेली. दोन बोटांचं अंतर राहिलं असेल. बाई नंतर शपथेवर सांगायच्या की दोनच होतं, आणि मोजणीवाल्या बाईचा अंदाज चुकत नसतो.

"आता ओढा. आता कसं शहाण्यासारखं येतंय बघा."

आणि टेबल खरंच शहाण्यासारखं आलं. तिसऱ्या मजल्याच्या दारासमोर येऊन ते थांबलं तेव्हा भिंतीपासून वीतभर दूर होतं, हात पुढे केला की धरता येईल इतकं. सुताराने खालची कड धरली, बाईंनी दुसरी, वरून दोर इंचाइंचाने सैल होत गेला आणि टेबल आधी पायाकडून, मग डोक्याकडून खोलीत शिरून जमिनीवर आडवं झालं. फळ्यांनी एकदा 'कर्र' केलं, आणि ज्या वजनासाठी त्या कापल्या होत्या ते वजन घेतलं.

खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे इंजिनिअरकडे बघत होते. तो शिडी लावून वर चढला. प्रत्येक खिडकीखालचा दगड, प्रत्येक पट्टी, विटांचे थर, सगळं त्याने टॉर्च मारून आणि पांढरा रुमाल फिरवून पाहिलं. उतरायला वीस मिनिटं लागली. रुमाल त्याने सगळ्यांना दिसेल असा हातात धरला होता.

"एकही डाग नाही," तो म्हणाला. त्याचं कौतुक असं की तो हे मोठ्याने म्हणाला. मग वर बघून आणखी मोठ्याने : "बाई, फळ्यांचं तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

"मी आधी चुकले होते," बाई वरून ओरडल्या. "आता फिटलं!"

अध्यक्षबाई दारापाशी गेल्या आणि त्यांनी नोटीस काढली. नोटीस नीट निघाली नाही, अर्धी चिकटूनच राहिली. तेव्हा त्या शिस्तीच्या बाईने चक्क नखांनी खरवडून तिचा उरलेला तुकडाही काढला. मग टाळ्या झाल्या. वकील खिडक्यांतून शिट्ट्या वाजवत होते. सुतार, ज्याला गोड बोलता येत नसे, तो वरच्या दारात उभा राहून रडत होता आणि धूळ गेली म्हणून सांगत होता. बाईंना वाटलं, आपण जन्मात इतकं मोठं काही केलं नव्हतं. त्यांनी ते मनातल्या मनात म्हटलंही : मी ही भिंत वाचवली. आधी मीच तिला फाशी दिली होती आणि मीच तिला उतरवून आणलं.

मग त्यांना खाली खुर्चीवर बसलेले सासरे दिसले. सगळे नाचत होते आणि म्हातारबुवा मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या उघड्या दाराकडे टक लावून बघत होते.

"बाबा, वर या की!"

"जिन्याने? हे गुडघे घेऊन?" ते ओरडले. "आणि तसंही मी आत कधी गेलो नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"म्हणजे?"

"हमालांना आत परवानगी नव्हती गं. माल आत, माणूस बाहेर. या दारात किती पोती पाठवली त्याची गणती नाही. पलीकडे काय आहे, देव जाणे."

बाईंनी रिकाम्या दोराकडे पाहिलं, मग सुताराकडे. सुताराने डोळे पुसले आणि तो कमरेचा पट्टा सोडायला लागला.

"जिन्याने कोण म्हणतंय?" बाई ओरडल्या.

म्हातारबुवांनी नाही-नाही म्हटलं, पण एकदाच, आणि तेही फारसं जोर लावून नाही. कामावरचा सुरक्षेचा पट्टा त्यांच्या छातीला आणि मांड्यांना बांधला, पट्टा आणि खुर्ची दोन्ही दोराला. गाठ कुणालाही मारू न देता त्यांनी स्वतः मारली. "चारशे किलोचं टेबल चढवलंत," ते आठ जणांना म्हणाले. "मी साठ किलोचा आहे. म्हणून हयगय चालणार नाही. ओढा!"

आणि ते निघाले. पॉलिश केलेले बूट हवेत, हात खुर्चीच्या हातांवर, तोंडाने अखंड सूचना. "हळू. दम धरा. ए, तू डावीकडचा, झोपलास का?" पहिल्या मजल्यासमोरून गेले. दुसऱ्या मजल्यासमोर त्यांनी सूचना देणं थांबवलं आणि एक हात पाठीमागच्या भिंतीकडे लांब केला, पूर्ण लांब, बोटं ताणून. हात पोचला नाही. ते हसले, आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते हसणं पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर बाईंनी त्यांचा हात धरला आणि सुताराने खुर्ची. दोघांनी त्यांना उचलून दाराच्या आत घेतलं. म्हातारबुवा खुर्चीतूनच खोलीभर बघत राहिले : उंच छत, लांब फळ्या, मागच्या खिडकीतून येणारं ऊन. बाईंनी त्यांची खुर्ची ढकलत टेबलाच्या डोक्याशी नेऊन ठेवली. सुताराने पाय अजून बसवले नव्हते, टेबल जमिनीवरच होतं, तरी म्हातारबुवांनी वाकून त्याच्यावर दोन्ही तळहात पसरून ठेवले.

तेवढ्यात विमासाहेब जिन्याने धापा टाकत वर आले. टाय वाकडा झाला होता आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. त्यांनी टेबल पाहिलं, टेबलाशी बसलेला हमाल पाहिला, आणि बसायला काहीतरी शोधत इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं काहीच नव्हतं.

"या साहेब," म्हातारबुवा म्हणाले. "बसा ना. खुर्ची मात्र ज्याची त्याने आणायची."